गूईडक: लिहायचं एक, म्हणायचं एक, खणायचं तीन फूट

सिएटलच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाची आणि या प्राण्याची पहिली गाठ बहुतेक वेळा आशियाई किराणा दुकानात पडते. मासळीच्या काउंटरपाशी पाण्याची टाकी असते. तिच्यात तळहाताहून मोठे पांढुरके शिंपले रबरबँड लावून ठेवलेले असतात आणि प्रत्येकातून फिकट तपकिरी, सुरकुतलेली, जाडजूड सोंड बाहेर लोंबत असते. बरोबर मुलं असली तर ती भर दुकानात विचारतात, "बाबा, हे काय आहे?" बाबा पाटी वाचून सांगतात, "जिओडक." काउंटरमागचा माणूस गालात हसतो.

मीही तसंच वाचलं होतं. अमेरिकेतल्या या वॉशिंग्टन राज्यात येऊन बारा वर्षं झाली. माझं लहानपण रत्नागिरीजवळच्या खाडीवर तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले गोळा करण्यात गेलं, त्यामुळे शिंपल्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. ती या प्राण्याने पहिल्याच दिवशी मोडली. दर उन्हाळ्यात आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतं, "आम्हालाही गूईडक खणायला न्याल का एकदा?" सगळ्यांना नेणं जमत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पायरी १: आधी नाव नीट म्हणा

इंग्रजी स्पेलिंग जी-ई-ओ-डी-यू-सी-के असं असलं तरी उच्चार "गूई-डक" असा आहे. त्यात भूगोलातला "जिओ" नाही आणि बदकाचाही काही संबंध नाही.

नाव मुळात लशूत्सीद भाषेतलं आहे. प्युजेट साउंड म्हणजे सिएटल, टकोमा, ऑलिंपिया ज्या खाडीच्या काठी वसलीत, तिच्या भोवतालच्या मूळ रहिवाशांची ही भाषा. त्यातला शब्द देवनागरीत जवळपास "ग्वीदअक़" असा लिहिता येईल. सुरुवातीचा ग ओठांचा चंबू करून म्हणायचा आणि शेवटचा क घशातून काढायचा, उर्दू गझल गाणारे "क़लम" म्हणतात तसा. इंग्रजी कानांना आणि इंग्रजी लिपीला हे दोन्ही आवाज परके. ज्याने जसं ऐकलं तसं उतरवलं, एकोणिसाव्या शतकात वेगवेगळी रूपं फिरत राहिली आणि शेवटी त्यातलं सर्वांत चुकीचं रूप छापखान्यात पक्कं झालं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. शीवचं सायन आणि वसईचं बेसिन याच कारखान्यात तयार झालं. फरक एवढाच, की इथल्या लोकांनी स्पेलिंग चुकीचं ठेवलं पण उच्चार मुळाजवळचा राखला. आपल्याकडे सायन म्हणणारे सायनच म्हणतात.

अर्थाबद्दल दोन मतं आहेत. लोकप्रिय अर्थ "खोल खण". भाषा अभ्यासणारे दाखवतात की शब्दाच्या शेवटचा भाग हा शरीराच्या झाकून ठेवायच्या अवयवासाठीचा प्रत्यय आहे. टाकीतला प्राणी एकदा पाहिलात की हा दुसरा अर्थ समजवावा लागत नाही. नाव ठेवणाऱ्यांनी मुद्दाम दोन्ही अर्थ साधले असतील, असंही म्हणतात. मला तेच पटतं. गावाकडची नावं ठेवण्याची पद्धत ज्याने ऐकली आहे त्यालाही पटेल.

चिनी लोक त्याला हत्तीच्या सोंडेचा शिंपला म्हणतात, म्हणजे त्यांनी सभ्य उपमा शोधली. शास्त्रीय नाव पॅनोपिया जेनेरोसा. ऑलिंपियातल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजने तर हाच प्राणी आपलं शुभचिन्ह म्हणून निवडला. त्याचं नाव "स्पीडी". आयुष्यभर एका जागी बसून राहणाऱ्या प्राण्याचं नाव स्पीडी ठेवणाऱ्या कॉलेजात मुलांना घालायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

पायरी २: आपण काय खणतोय ते समजून घ्या

हे वगळून थेट फावडं उचललंत तर माझ्यासारखी फजिती होईल.

जगातला हा सर्वांत मोठा, वाळूत पुरून राहणारा शिंपला. कवच साधारण वीतभर. वजन किलोच्या आसपास, क्वचित त्याच्या तिप्पट-चौपट. अंग इतकं भरलेलं की कवच नीट मिटतच नाही. सात महिन्यांच्या बाळाला तीन महिन्यांचं झबलं घातल्यासारखा दिसतो. टाकीतल्या शिंपल्यांना रबरबँड लावतात तो याचसाठी.

हा प्राणी वाळूखाली दोन ते तीन फूट पुरलेला असतो आणि तिथून मान वर करून पृष्ठभागापर्यंत पोचवतो. इथे सगळे त्या सोंडेला "मान" म्हणतात, मीही तेच म्हणेन. तिच्यात शेजारी शेजारी दोन नळ्या असतात. एकीने पाणी आत घ्यायचं, त्यातले सूक्ष्म जीव गाळून खायचे, दुसरीने पाणी बाहेर टाकायचं. लहानपणी हा खाली खाली खणत जातो. मोठा झाला की खणायचा पाय अंगाच्या मानाने नावापुरता उरतो. म्हणजे मोठा गूईडक पळून जाऊ शकत नाही. हे वाक्य पाठ करा, पुढे खड्ड्यात हात घातल्यावर कामाला येईल. तुम्ही खणायला लागलात की तो फक्त मान आत ओढतो. बघणाऱ्याला वाटतं की निघाला खाली. तो असतो तिथेच असतो.

आयुष्य मात्र दांडगं. कवचावरच्या वाढीच्या रेषा झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या मोजता येतात. १४० वर्षांपर्यंत जगणारे गूईडक आहेत आणि १६८ वर्षांच्या एकाची नोंद आहे. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा जन्मलेला एखादा अजून इथल्या तळाशी मान वर करून बसलेला असू शकतो. किनाऱ्यावर हाताला लागणारे बहुधा इतके म्हातारे नसतात. तरीही, जे उपटतोय ते परत भरून यायला बराच काळ लागणार आहे एवढं ध्यानात असू द्या.

पायरी ३: परवाना काढा, मग किनारा निवडा

वय १५ किंवा जास्त असेल तर वॉशिंग्टन राज्याचा शिंपले आणि समुद्री शेवाळाचा परवाना लागतो. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो, खेळाच्या सामानाच्या अनेक दुकानांतही मिळतो. राज्यात सलग ९० दिवस राहिला नसाल तर बाहेरच्यांचा दर पडतो, आणि तो बराच जास्त आहे. नव्याने आलेल्यांनी तीन महिने थांबलेलं बरं. भारतातून आईवडील आले असतील आणि त्यांनाही खणायचं असेल तर त्यांचा वेगळा परवाना काढा. "बाबा नुसते खणून देतायत, धरतोय मी" हे तपासनिसाला सांगून उपयोग नाही.

मर्यादा दिवसाला माणशी तीन. यातला खरा मुद्दा पुढे आहे: बाहेर काढलेले *पहिले* तीन. लहान निघाला, कवच फुटलं, मान तुटली, तरी मोजणीत धरायचा आणि घरी न्यायचा. छोटा परत पुरून मोठा शोधायचा, हे चालत नाही, कारण परत पुरलेला जगत नाही. नुसती मान कापून आणणंही बेकायदेशीर. प्रत्येकाची बादली वेगळी हवी. चौघांनी मिळून एकाच पिशवीत बारा टाकले तर पंचाईत होते.

आता किनारा. आपल्याकडे समुद्रकिनारा सगळ्यांचा, हे इतकं अंगवळणी पडलंय की इथली भानगड लवकर डोक्यात शिरत नाही. १८८९ मध्ये राज्य झाल्यापासून १९७१ पर्यंत वॉशिंग्टनने भरती-ओहोटीच्या मधली जमीन लोकांना विकली. त्यामुळे प्युजेट साउंडमध्ये ओहोटीला उघडा पडणारा बराचसा किनारा आजही कोणाच्या तरी खासगी मालकीचा आहे. कुंपण नाही, पाटीही नसते. तुम्ही चालत चालत सार्वजनिक उद्यानाची हद्द ओलांडता आणि फावडं मारता ते दुसऱ्याच्या अंगणात. वाळूत ओळीने प्लास्टिकचे पाईप उभे दिसले तर ती गूईडकची शेती आहे. प्रत्येक पाईपमध्ये कोणीतरी गूईडकचं पिल्लू लावलेलं असतं आणि ते काढणीला यायला पाच-सात वर्षं लागतात. तिकडे फिरकूही नका.

काही किनारे आदिवासी राष्ट्रांचे आहेत. १८५४-५५ च्या करारांत त्यांनी जमीन सोडली, पण नेहमीच्या ठिकाणी मासे आणि शिंपले धरायचा हक्क राखून ठेवला. तो हक्क कागदावरच राहिला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निम्म्या माशांवर त्यांचा हक्क असल्याचा निकाल दिला आणि १९९४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड रफीदी यांनी तो शिंपल्यांनाही लागू केला. खोल पाण्यातला गूईडक पाणबुडे उपसतात, तो धंदा इथे १९७० मध्ये सुरू झाला. बहुतेक माल जिवंत विमानाने चीन आणि हाँगकाँगला जातो. त्या उपशाची वाटणीही याच निकालाने ठरते. ज्या भाषेने नाव दिलं, तिच्या माणसांना त्या नावाच्या प्राण्यातला वाटा मिळवायला १४० वर्षं लागली.

नवख्यांसाठी मी हूड कनालवरचं डोसेवॉलिप्स स्टेट पार्क सुचवतो. "कनाल" म्हणत असले तरी तो कालवा नाही, हिमनदीने कोरलेली समुद्राची लांब बोटासारखी खाडी आहे. सिएटलहून फेरी धरून दोन-अडीच तास धरा. गाडीला डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याच्या उद्यानांत गाडी लावायचा पास, लावायला विसरू नका. जवळच डकाबुशचा किनाराही आहे. कुठेही जा, निघायच्या दिवशी सकाळी दोन गोष्टी बघाच: त्या किनाऱ्यावर हंगाम सुरू आहे का, आणि राज्याच्या आरोग्य खात्याच्या शिंपल्यांच्या नकाशावर तो किनारा खुला आहे का.

या दुसऱ्या गोष्टीत कंटाळा करू नका. पाण्यात काही सूक्ष्म शैवालं वाढली की शिंपल्यांच्या अंगात त्यांचं विष साठतं. शिंपल्याला त्याचं काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. आधी ओठ आणि जीभ बधिर, मग बोटांना मुंग्या, पुढे श्वासाचे स्नायू लुळे. चव बदलत नाही, वास येत नाही, आणि कितीही उकळलं तरी ते विष जात नाही. उतारा नाही. १९४२ मध्ये या राज्यात तीन माणसं अशी दगावली. आपल्याकडे तिसऱ्या उकळल्या की निर्धास्त होतो, ती सवय इथे बाजूला ठेवायची. नकाशावर लाल दिसलं तर सामान गाडीत असलं तरी घरी परत.

पायरी ४: पाण्याचं वेळापत्रक

कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ काढायला कागद लागत नाही. तिथीला पाऊण पटीने गुणायचं. पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा. मी पहिल्या वर्षी हाच हिशोब घेऊन गेलो आणि कमरेइतक्या पाण्याकडे बघत उभा राहिलो.

तो हिशोब आपल्या किनाऱ्यापुरता आहे. प्युजेट साउंडमध्ये पाणी अरुंद तोंडातून वळणं घेत आत येतं, त्यामुळे वेळा वेगळ्या. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खूप खाली उतरते, दुसरी अर्ध्यातच थांबते. उधाणाचं पाणी (मोठी भरती-ओहोटी) आणि भांगाचं पाणी (लहान भरती-ओहोटी) हा भेद इथेही आहे, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच बघायचं, पण त्या दिवसातली नेमकी कोणती ओहोटी, हे तक्त्यातच पाहावं लागतं. उन्हाळ्यात मोठी ओहोटी दुपारच्या आसपास येते. हिवाळ्यात तीच मध्यरात्रीच्या सुमारास येते. म्हणून नवख्यांनी मे ते जुलै सोडून दुसरा विचार करू नये.

तक्त्यात उंची फुटांत असते. रोजच्या दोन ओहोट्यांतल्या खालच्या ओहोटीची जी सरासरी, ती शून्य. आपल्याला हवी उणे दोन किंवा त्याहून खाली. उणे तीन मिळाली तर रजा टाका. अशा ओहोट्या वर्षातून थोडे दिवस येतात, आणि त्यातल्याही प्रत्येकीला वेळ जेमतेम दीड-दोन तास. तक्ता तुमच्या किनाऱ्याचाच बघा. सिएटलचा बघून हूड कनालला गेलात तर वेळ चुकते. ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर उभं असायला हवं.

पायरी ५: सामान

अरुंद पात्याचं फावडं. दोन्ही तोंडं उघडी असलेला रुंद नळा, साधारण दोन-तीन फूट लांब. तयार मिळतो, नाहीतर मोठ्या प्लास्टिकच्या कचराडब्याचा तळ कापून घ्या. पाणी उपसायला जुना डबा. बादली, गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, बदलायचे कपडे. इंजिनाचे पंप चालत नाहीत, सगळं हाताने. आणि एक माणूस, जो खणणार नाही, फक्त पाण्यावर नजर ठेवेल.

पायरी ६: खूण ओळखा

पाण्याच्या अगदी कडेपर्यंत जा. वरच्या भागात जे सापडतं ते लहान शिंपले. गूईडक ज्या पट्ट्यात राहतो तो उणे ओहोटीलाच उघडा पडतो.

तिथे वाळूत रुपयाएवढं, कधी त्याहून मोठं भोक किंवा खळगा दिसेल. कधी मानेचं टोकच बाहेर आलेलं असतं. जवळ पाय आपटला की पाण्याची पिचकारी उडते आणि टोक आत जातं. पोरं इथेच ओरडतात, "सापडला!" ओरडू द्या, पण लगेच खणू नका. तिथेच आणखी एक मोठा शिंपला राहतो, त्याला हॉर्स क्लॅम म्हणतात, आणि नवख्याच्या पिचकाऱ्यांपैकी निम्म्या त्याच्याच असतात. बोट हळूच टोकावर लावा. कडक, चामड्यासारखी चकती लागली आणि भोकाच्या आत बारीक मिशांसारखे धागे दिसले तर हॉर्स क्लॅम. टोक मऊ, गुळगुळीत आणि आत शेजारी शेजारी दोन स्वच्छ भोकं, दुनळी बंदुकीसारखी, तर गूईडक. हॉर्स क्लॅम खायला वाईट नाही, पण त्याच्यासाठी तीन फूट खणायचं म्हणजे कांदेपोह्यांसाठी पुण्याहून नागपूर.

खात्री झाली की भोकाला लागून काठी रोवा. मान आत गेल्यावर खूण पुसली जाते आणि मग नवराबायकोत "इथे होतं", "नाही, तिथे होतं" सुरू होतं.

पायरी ७: खणा

नळा असा ठेवा की भोक बरोबर मध्ये येईल. दोघांनी दाबून, हलवत हलवत वाळूत घुसवा. हा नळा विहिरीच्या कड्याचं काम करतो. ती वाळू पाणी धरून असते, नळा नसला तर जेवढं काढाल तेवढं बाजूने परत येतं. आतली वाळू फावड्याने, मग डब्याने, मग हाताने काढत जा. मान कुठे आहे ते हाताने चाचपत राहा आणि फावडं तिच्यापासून लांब ठेवा.

आता आमची गोष्ट. पहिल्या वर्षी मी आणि माझा मेव्हणा. नळा नाही, दोन फावडी आणि भरपूर आत्मविश्वास. फूटभर खणल्यावर मान हाताला लागली. हाताला लागली म्हणजे आलीच, असं आम्हाला वाटलं, कारण मुळा तसाच निघतो. मेव्हण्याने दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती ताणली गेली, आणखी ताणली गेली आणि ओल्या कपड्याच्या पिळासारखा आवाज होऊन तुटली. मेव्हणा मागे पाण्यात बसला, हातात अर्धी मान. खालचा जीव खालीच. तो काढायला आणखी पाऊण तास गेला, आणि तोवर वरून पाणी शिरायला लागलं होतं. मोजणीत तो आमचा पहिला. त्या दिवशीचा शेवटचाही तोच.

तेव्हापासून नियम: मान ओढायची नाही. मान फक्त वाट दाखवते. तिच्या कडेने हात खाली सरकवत जायचं, जिथे मऊपणा संपून कवचाची कड लागते तिथपर्यंत. माझ्या बाबतीत त्या वेळी मी वाळूवर पालथा असतो, खांद्यापर्यंत हात नळ्यात, गाल ओल्या वाळूला चिकटलेला, आणि डोळ्यांसमोर एक छोटा खेकडा माझ्याकडे बघत असतो. बोटांनी कवचाभोवतीची वाळू मोकळी करायची. वाळूची पकड मोठी असते. कवच डावी-उजवीकडे हलवायचं, खाली बोटं घालायची, पाणी आत शिरू द्यायचं. एका क्षणी "फस्स" करून पकड सुटते आणि किलोभराचा जीव हातात येतो. घाई करायची नाही, कारण तो पळत नाही. पळतं ते पाणी.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. डोकं आणि छाती खड्ड्यात घालायची नाही, आणि एकट्याने खणायचं नाही. ओली वाळू कोसळते, आणि उलट्या अवस्थेतल्या माणसाला स्वतःहून बाहेर येता येत नाही. लहान मुलं नळ्यात वाकत असतील तर त्यांना ओढून काढा. पाण्यावर नजर ठेवणाऱ्याने "फिरलं" म्हटलं की अर्धा खणलेला सोडून द्यायचा.

निघण्याआधी प्रत्येक खड्डा बुजवा. तो कायदाच आहे. उघड्या खड्ड्यात माणूस पडतो, आणि बाजूला टाकलेल्या ढिगाऱ्याखाली लहान शिंपले गुदमरून मरतात.

पायरी ८: साफ करा

घरापर्यंत बर्फाच्या पेटीत, ओल्या फडक्यात. साध्या पाण्यात बुडवून ठेवू नका, मरतो.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळा आणि प्राणी दहा सेकंद आत धरून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. दहा म्हणजे दहा. विसाव्या सेकंदाला मांस शिजायला लागतं. मग पातळ सुरी कवचाच्या आतल्या अंगाला घासून फिरवा, शिंपला मिटवणारे दोन स्नायू कापले की कवच सुटतं. मधली मऊ, काळपट पोटाची गोळी अखंड काढून टाका. विष असलंच तर ते तिथेच सर्वाधिक साठतं, तेव्हा "वाया कशाला घालवायचं" हा सासर-माहेरचा संस्कार इथे नको. मानेवरची खरखरीत साल मोज्यासारखी ओढून निघते. ती सोलताना स्वयंपाकघरात कोणी हसलं तर हसू द्या. मान उभी चिरा, आतली वाळू धुवा.

उरतात दोन प्रकारचं मांस: मान पांढरी, करकरीत, आणि अंग थोडं पिवळसर, मऊ.

पायरी ९: खा

मान कच्ची, कागदासारख्या पातळ चकत्या करून खातात. चव गोडसर, काकडीसारखी कुरकुरीत, मागून समुद्र. चांगल्या ठिकाणी एकदा जरूर खा. स्वतः खणलेली मात्र मी उन्हाळ्यात कच्ची खात नाही. गरम पाण्यात वाढणारे जंतू असतात, ते शिजवल्याने मरतात. त्यामुळे उकळत्या सारात चकत्या टाकून शिजेपर्यंत थांबतो, पण त्यापुढे क्षणभरही नाही. गॅसवर विसरलेली मान आणि चपलेचा पट्टा यांत फरक करता येत नाही.

अंगाचं सुकं करा. कांदा तेलावर लाल होईपर्यंत परता, आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला, ओलं खोबरं, दोन आमसुलं. हे सगळं *आधी* पूर्ण शिजवून घ्या. मांस बारीक चिरून शेवटी टाका, मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं परता, लगेच उतरवा. आपल्या एकशिपीत तिसऱ्या कवचासकट रटरटतात, त्यांचा रस सुटतो आणि तोच मजा आणतो. इथे तसं होत नाही, म्हणून हिंमत करून मसाला नेहमीपेक्षा निम्मा घाला. पूर्ण मसाला घातलात तर मसाल्याची चव येईल, आणि ती तीन फूट न खणताही येते. दुसरा सोपा प्रकार: पातळ तुकडे, मीठ-हळद-तिखट, रव्यात घोळवून तव्यावर. मुलांना हेच आवडतं.

गेल्या जूनमध्ये पहिल्यांदाच तीनही अखंड निघाले. रात्री आईला फोन लावला. ती ओसरीवर बसली होती, मागे पाऊस ऐकू येत होता.

"मिळाले काय रे?"

"मिळाले. तीन."

"तीन वाटे?"

"नाही गं. तीन नग."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "त्याच्यासाठी दोन तास गाडी हाकलीस?"

मी फोनचा कॅमेरा सिंककडे वळवला. तिने चष्मा पुसला, पडदा जवळ घेतला, आणि एवढं हसली की शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या.